हॉलंडचे राजवाडे आणि राजघराण्याची प्रदर्शनं: तीन दिवसांत काय दाखवावं?

ऑरेंजवेडी
मला डच राजघराण्याचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ज्यांना टोमणे मारायचेत त्यांचं काम सोपं होईल. घरात विल्हेल्मिना, युलियाना, बेआट्रिक्स या राण्यांची चित्रं असलेले बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत, बहुतेक इथल्या क्रिंगलोपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांतून उचललेले. नवरा त्यात डाळी भरून ठेवतो. असो.

सप्टेंबरात आत्या आणि काका येताहेत. आत्या इतिहासाची निवृत्त शिक्षिका, तिला ट्युलिप आणि पवनचक्क्यांत शष्प रस नाही. "तुमचा राजा दाखव" म्हणते. काकांचे गुडघे दुखतात. राजवाड्यांसाठी तीन दिवस काढले आहेत. एक दिवस प्रिन्सयेसडाखचा, म्हणजे सप्टेंबरचा तिसरा मंगळवार: राजा रथातून निघतो आणि संसदेपुढे भाषण वाचतो. उरले दोन. माझं मत असं की अॅम्स्टरडॅमला डॅम चौकातला राजवाडा बाहेरून दाखवावा आणि आपेलडोर्नच्या 'हेट लो' राजवाड्याला अख्खा दिवस द्यावा. डॅमवरचा राजवाडा मुळात राजवाडा नाहीच, ती नगरपालिका आहे. पटतंय का? की काही सुटतंय?

पेठेतला_प्रवासी
आपण संस्थानं विलीन केली, तनखे बंद केले, आणि आता युरोच्या भावानं तिकीट काढून दुसऱ्यांचे राजे बघायचे. छान. चालू द्या. (दिवे घ्या.)

मंदार_आयंडहोवन
ऑरेंजवेडी, ठाम असहमत. ती नगरपालिका होती म्हणून तर आत जायला हवं. 1648 ला बांधकाम सुरू, 1655 ला उद्घाटन, वास्तुकार याकोब फान कांपेन. तेव्हा या देशाला राजाच नव्हता. व्यापाऱ्यांनी स्वतःच्या शहरासाठी असली इमारत उठवली की पुढे खऱ्या राजाला तिच्यात राहायचा मोह झाला. तो राजाही डच नव्हे, नेपोलियनचा भाऊ लुई. त्यानं 1808 मध्ये तिचा राजवाडा केला आणि दोनच वर्षांत गादी सोडून गेला. फर्निचर मात्र इथेच राहिलं, आज आपण बघतो ते बरंचसं त्याचंच.

आत्याबाई शिक्षिका आहेत ना, त्यांना दिवाळखोरीच्या कचेरीचं दार दाखवाच. वर सूर्याजवळ जाऊन कोसळणारा इकॅरस कोरलाय आणि भोवती रिकाम्या तिजोऱ्या अन् न भरलेली बिलं कुरतडणारे उंदीर. एकही पाटी न वाचता कळतं की आत कोण जात असेल.

झुणकाभाकर
उंदरांचा फोटो टाका की राव.

सायकलवाली
मंदारला +1. आणि खालच्या मजल्यावरचं फाशीची शिक्षा सुनावायचं दालन. सगळं संगमरवरी, भिंतीवर तोंड झाकून रडणाऱ्या बायकांची शिल्पं. मी बाहेर येऊन हेरिंगवाल्याकडे उभी राहिले तरी भूक लागेना.

इमारतीखाली 13,659 लाकडी खांब आहेत, दलदलीत ठोकलेले. हा आकडा लक्षात ठेवायची इथल्या शाळेतली युक्ती: वर्षाचे दिवस 365, पुढे 1 लावा, मागे 9. माझ्या मुलानं घरी येऊन शिकवली. आत्यांना आवडेल.

ऑरेंजवेडी
@सायकलवाली, आत्याला आवडणार नक्की, आणि मग ती ते रोज मला विचारणार.

@मंदार, मुद्दा मान्य, पण तिथे राजघराणं कुठंय? वर्षातून काही समारंभ, परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्या, एवढंच. हेट लोमध्ये माणसं राहिलीत. विल्यम तिसरा आणि मेरी यांनी 1684 मध्ये ते बांधायला घेतलं, पाच वर्षांत दोघं इंग्लंडच्या गादीवर गेली. तळघरात मेरीचं खाजगी स्वयंपाकघर आहे, डेल्फ्टच्या फरशा लावलेलं. राणी स्वतः तिथे मुरंबे करायची म्हणतात. पुढे विल्हेल्मिनानं गादी सोडल्यावर उरलेलं आयुष्य तिथेच काढलं आणि 1962 च्या नोव्हेंबरात तिथेच गेली. तिची अभ्यासिका आहे, तिच्या नवऱ्यानं मारलेल्या जनावरांची शिंगं आहेत. तबेल्यात गाड्या, घसरगाड्या. हे बघायचं असतं मला.

डेल्फ्टकर
हेट लोबद्दल एक पिन टोचतो. "सतराव्या शतकातला राजवाडा" म्हणून जे दिसतं ते बऱ्याच अंशी 1977 ते 1984 या काळातलं आहे. विल्हेल्मिनानं 1911 नंतर वर एक मजला चढवला होता, तो पाडला. लुई नेपोलियननं भिंतींना पांढरा गिलावा केला होता, तो खरवडून विटा उघड्या केल्या. त्यानंच जुनी बाग मातीखाली गाडून इंग्रजी धाटणीची बाग केली होती, ती उकरून विल्यमच्या काळाची नक्षीदार बाग पुन्हा आखली. म्हणजे तीनशे वर्षांच्या वास्तव्यातून एक काळ निवडला आणि बाकीच्यांचं राहणं पुसून टाकलं. सुंदर आहे, वाद नाही. पण "माणसं राहिलीत" म्हणताना कोणाची खोली ठेवली आणि कोणाची पाडली हेही आत्यांना सांगा, त्यांना तो भाग जास्त आवडेल असं वाटतं.

2018 नंतरच्या दुरुस्तीत मूळ काम अॅस्बेस्टॉस काढायचं होतं. मग काढतोच आहोत तर म्हणून समोरच्या अंगणाखाली भलंमोठं भुयारी संग्रहालय केलं, 2023 ला उघडलं. वर काचेच्या तळाचे हौद आहेत, खाली उभं राहिलं की डोक्यावर पाणी हलताना दिसतं.

पेठेतला_प्रवासी
म्हणजे जुना वाडा पाडून त्याहून जुना वाडा बांधला. आमच्याकडे जुना वाडा पाडून पार्किंग बांधतात. डच मागासलेले आहेत.

ऑरेंजवेडी
@डेल्फ्टकर, वर चढवलेल्या मजल्याचं माहीत होतं, पण त्या मजल्याबद्दल मला अजिबात हळहळ वाटत नाही. जुने फोटो बघा, राजवाडा नाही, आरोग्यधाम वाटतं. बाग बाकी बघितलीच पाहिजे. मधलं मोठं कारंजं 13 मीटर उडतं.

कावेरी_डेन_हाग
नमस्कार, बरेच दिवसांनी लिहितेय. मी डेन हागला, म्हणजे द हेगला, राहते, तर प्रिन्सयेसडाखबद्दल थोडं.

बिनेनहोफच्या, म्हणजे संसदेच्या, जुन्या इमारतींची दुरुस्ती चालू असल्यामुळे राजाचं भाषण आता तिथल्या रिडरझाल सभागृहात नाही, शाही नाट्यगृहात होतं. मिरवणूक नोर्डआइंडे राजवाड्यापासून निघते. पुढे बँड, घोडेस्वार, मग रथ. महिला खासदारांच्या टोप्या हा वेगळाच सोहळा, दुसऱ्या दिवशी पेपरात भाषणापेक्षा टोप्यांची चर्चा जास्त. शेवटी बाल्कनीत येऊन हात हलवतात. काकांच्या गुडघ्यांचं बघता लांगे फोरहाउट रस्त्याच्या बाजूला सकाळी लवकर जा आणि घडीची खुर्ची न्या. डच म्हातारे तेच करतात, थर्मासपण आणतात.

आणि एक गंमत ऐका. आदल्या दिवशी शेव्हेनिंगनच्या समुद्रकिनाऱ्यावर घोड्यांची तालीम असते. त्यांना गर्दीची, आवाजाची सवय व्हावी म्हणून मुद्दाम बंदुकांचे बार काढतात, धूर सोडतात, बँड वाजवतात. घोडे त्या धुरातून वाळू उडवत येतात. माझ्या मते मिरवणुकीपेक्षा हे सरस. तिकीट नाही, ढकलाढकली नाही, आणि पलीकडे फ्रीट, म्हणजे तळलेले बटाटे, मिळतात.

झुणकाभाकर
कावेरीताई, हे बेस्ट. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

सदाशिव_उवाच
सोनेरी रथ दिसेल का प्रिन्सयेसडाखला? लहानपणी तिकिटांच्या अल्बममध्ये होता माझ्या.

कावेरी_डेन_हाग
नाही. 2015 नंतर तो रस्त्यावर आलेलाच नाही. आधी दुरुस्तीला गेला, मग वादात अडकला. आता काचेचा रथ वापरतात.

ऑरेंजवेडी
@सदाशिव, मी पाहिलाय तो, 2021 च्या प्रदर्शनात. अॅम्स्टरडॅम म्युझियमच्या चौकात क्रेननं उतरवून काचेच्या पेटीत ठेवला होता. चारी बाजूंनी जवळून बघता येत होता आणि आजूबाजूच्या दालनांत त्याचा सगळा इतिहास. 1898 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या लोकांनी वर्गणी काढून अठरा वर्षांच्या विल्हेल्मिनाला दिलेली भेट. बनवणारे स्पाइकर बंधू, तेच ज्यांनी पुढे मोटारी काढल्या. जावाचं सागवान, सुमात्राचं हस्तिदंत.

आणि डाव्या बाजूचं ते चित्र: मधे सिंहासनावर गोरी तरुणी म्हणजे नेदरलँड, आणि वसाहतींतली माणसं गुडघे टेकून नजराणे देताहेत. चित्राचं नावच 'वसाहतींची मानवंदना'. लांबून रथ चमकतो तेव्हा ते दिसत नाही. जवळ गेल्यावर दुसरं काही दिसत नाही. 2022 च्या जानेवारीत राजानं जाहीर केलं की देश तयार होईपर्यंत रथ वापरणार नाही. मला ते पटलं. वेडी असले तरी आंधळी नाही.

पेठेतला_प्रवासी
"देश तयार होईपर्यंत" हे वाक्य मी ऑफिसात वापरणार आहे. टीम तयार होईपर्यंत रिपोर्ट देणार नाही.

मंदार_आयंडहोवन
एवढ्यावर थांबलं नाही. 2023 च्या 1 जुलैला अॅम्स्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये राजानं गुलामगिरीबद्दल माफी मागितली, आणि आपल्या पूर्वजांनी ती थांबवली नाही म्हणून क्षमाही मागितली. मी तिथे होतो, पाऊस होता, लोक रडत होते. माझ्या शेजारचे आजोबा मात्र "पैशाचं बोल" असं पुटपुटत होते. दोन्ही खरं.

कावेरी_डेन_हाग
यात आपलाही एक धागा आहे. सुरिनाममध्ये गुलामगिरी 1863 ला संपली, पण सुटलेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवरच सक्तीनं ठेवलं. ती मुदत 1873 ला संपली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये कलकत्त्याहून गिरमिटियांचं पहिलं जहाज 'लल्ला रूख' तिथे लागलं. 1916 पर्यंत सुमारे 34 हजार लोक गेले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज डेन हागमध्ये मोठ्या संख्येनं आहेत.

माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजी त्यातल्याच. देवघरात हनुमान, आणि बाहेरच्या खोलीत युलियाना राणीचा फोटो. मी एकदा विचारलं, तुमच्या पणजोबांना उसाच्या मळ्यावर नेणाऱ्यांचाच ना हा फोटो? तर म्हणाल्या, "शाळेत रोज हिला नमस्कार करून आम्ही मोठे झालो, आता काय उतरवू?" पुढे त्यांनी मला दाल-पुरी वाढली आणि विषय संपला.

वेंगुर्लेकर
मंडळी, धाग्यात जरा आमचो गाव घुसडतंय, राग मानू नकात. डच बघूक हॉलंडाक कित्याक जाऊक होया? वेंगुर्ल्यात डचांची वखार आसा, सतराव्या शतकातली. भिंती उभ्यो, छप्पर नाय, आतून झाडां वाढली हत. तिकीट नाय, रांग नाय, ऑडिओ गाइड म्हणान बाजूच्या घरातली आजी आसा.

झुणकाभाकर
वेंगुर्लेकर, आजीचे वेळ काय? सोमवारी बंद का?

वेंगुर्लेकर
दुपारी दोन ते चार बंद.

डेल्फ्टकर
गावाचा अभिमान वेंगुर्लेकरांनी काढलाच आहे तर माझ्या गावाचंही नाव घ्या की कोणीतरी. राजघराणं बघायचं आणि डेल्फ्ट यादीत नाही? घराण्याचा मूळ पुरुष विलेम द ऑरेंज इथे 1584 च्या 10 जुलैला मारला गेला. बाल्थासार गेरार्ड्सनं जिन्यापाशी गोळ्या घातल्या. भिंतीतली भोकं आजही दाखवतात, काच लावून. मात्र ते प्रिन्सेनहोफ संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद आहे, निघण्याआधी चौकशी करा.

त्याची समाधी नव्या चर्चमध्ये, हेन्ड्रिक द काइसरचं काम. संगमरवरी विलेम निजलेला आणि पायाशी कुत्रा. कथा अशी की एका रात्री शत्रू छावणीत घुसले तेव्हा कुत्र्यानं त्याला उठवून वाचवलं. खालच्या तळघरात सगळं घराणं पुरलेलं आहे, तिथे कुणालाच जाता येत नाही. वर एक मोठी शिळा दिसते, बस.

सायकलवाली
कुत्रा म्हटल्यावर मला रायगडच आठवला, तुम्हालाही आठवला असेल, वाद नको :)

सदाशिव_उवाच
तिकडे नका जाऊ, धागा तीनशे प्रतिसादांना जाईल आणि संपादक कुलूप लावतील.

सायकलवाली
बरं. मग विल्हेल्मिनाबद्दल. तिची अंत्ययात्रा पांढरी होती, माहितीये का कुणाला? 1934 मध्ये तिचा नवरा हेन्ड्रिक गेला तेव्हाही पांढरी, आणि 1962 मध्ये तिचीही. शववाहिनी पांढरी, घोड्यांवरच्या झुली पांढऱ्या. मरण म्हणजे पुढच्या आयुष्याची सुरुवात अशी तिची श्रद्धा होती. काळ्या कपड्यांच्या देशात लोकांना ते फार विचित्र वाटलं होतं. हेट लोमध्ये ती पांढरी गाडी बघितली तेव्हा माझी सासू शांतपणे म्हणाली, "बरोबरच आहे की."

खादाड_खाऊ
सगळ्यांनी हाउस डोर्न कसं सोडलं? डच राजघराणं नाही, पण राजेशाहीचं वेड असलेल्याला तिथे स्वर्ग आहे. जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा 1918 मध्ये पळून हॉलंडला आला. विल्हेल्मिनानं आसरा दिला, आणि दोस्त राष्ट्रांनी मागितला तरी सोपवला नाही. आधी तो आमेरोंगेनच्या किल्ल्यात एका सरदाराकडे उतरला आणि तिथेच त्यानं गादी सोडल्याच्या कागदावर सही केली. 1920 पासून डोर्नमध्ये, 1941 ला मरेपर्यंत. बर्लिनहून सामान आलं 59 रेल्वे वॅगन भरून! एवढं सामान एका मध्यम बंगल्यात कोंबलंय. गणवेश, तपकिरीच्या डब्या, चांदीची भांडी. लिहायच्या टेबलाशी खुर्चीऐवजी घोड्याचं खोगीर. आणि हा माणूस रोज सकाळी बागेत जाऊन लाकडं फोडायचा, वर्षानुवर्षं. राज्य गेल्यावर माणूस काय करतो ते बघायचं असेल तर इथे या. हेट लोपेक्षा जास्त लक्षात राहतं, माझ्यापुरतं.

ऑरेंजवेडी
@खादाड_खाऊ, अरे देवा. बरोबर आहे. आत्यानं पहिलं महायुद्ध वर्षानुवर्षं शिकवलंय, कैसरचं खोगीर बघून ती घरी यायचीच नाही.

पेठेतला_प्रवासी
आता एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. या राजाला मुकुट आहे का? 2013 च्या समारंभात डोक्यावर काही दिसलं नाही.

मंदार_आयंडहोवन
आहे, पण घालत नाहीत. इथे राज्याभिषेक होतच नाही. नव्या चर्चमध्ये, म्हणजे अॅम्स्टरडॅमच्या, संसदेसमोर शपथ घेतात आणि मुकुट नुसता शेजारी टेबलावर ठेवलेला असतो. तोही 1840 चा, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला, आणि त्यातली रत्नं, मोती नकली.

पेठेतला_प्रवासी
नकली मोत्यांचा मुकुट, तोही टेबलावर. आता मला हे लोक आवडायला लागलेत. काटकसर ही खरी खानदानी.

खादाड_खाऊ
अजून ऐका. 1986 मध्ये युवराज असताना हा पठ्ठ्या, विलेम-अलेक्झांडर, अकरा शहरांची बर्फावरची शर्यत धावला, नाव लावलं 'वि. अ. फान ब्यूरेन'. आणि राजा झाल्यावरही मधूनमधून केएलएमचं विमान सहवैमानिक म्हणून चालवायचा. प्रवाशांना पत्ता नाही.

मंदार_आयंडहोवन
सगळं गोडगोड नाहीये हां. बेआट्रिक्सचा शपथविधी 1980 ला झाला तेव्हा अॅम्स्टरडॅम पेटलं होतं. घरं मिळत नव्हती म्हणून तरुणांची घोषणा होती, घर नाही तर राज्यारोहण नाही. आजच्या भाड्यांकडे बघता ती पुन्हा छापायला हरकत नाही. तिच्या वडिलांनी, बर्नहार्डनं, लॉकहीड विमान कंपनीकडून पैसे घेतल्याचं 1976 ला उघड झालं, गणवेश उतरवावा लागला. आणि आयुष्यभर नाकारलेलं नाझी पक्षाचं सदस्यत्व? ते कार्ड त्याच्याच कागदपत्रांत सापडलं, हे 2023 मध्ये जाहीर झालं. प्रदर्शनात गेलं की मी बर्नहार्डच्या फोटोखालची पाटी आधी वाचतो. किती लिहिलंय आणि किती गाळलंय, त्यावरून प्रदर्शन कसं आहे ते कळतं.

डेल्फ्टकर
मंदार, ही कसोटी चोरतोय.

सायकलवाली
कामाचं राहिलं: म्युझियमकार्ट, म्हणजे संग्रहालयांचा पास, काढा. पाहुण्यांना तात्पुरतं मिळतं, 31 दिवस आणि पाच संग्रहालयं. डॅमचा राजवाडा आणि हेट लो दोन्हीकडे चालतं. आणि डॅमचा राजवाडा शाही कार्यक्रम असला की बंद असतो, जाण्याआधी त्यांच्या साइटवर दिनदर्शिका बघाच. आम्ही एकदा सासूबाईंसकट बंद दारासमोर उभे होतो.

सदाशिव_उवाच
आत्यांना शिवाजी महाराजांचं चित्र दाखवणार की नाही? राइक्सम्युझियममध्ये आहे ना?

डेल्फ्टकर
आहे. अॅम्स्टरडॅमचे महापौर निकोलास विटसेन यांच्या संग्रहातल्या अल्बममधलं, दख्खनी शैलीतलं, सतराव्या शतकातलं. पण कागदावरची चित्रं उजेडानं खराब होतात म्हणून कायम मांडलेली नसतात. जाऊन विचारलं आणि नाही म्हणाले तर हिरमोड नको. त्यांच्या साइटवर मोठ्या आकारात बघता येतं.

ऑरेंजवेडी
ठरलं. सोमवारी शेव्हेनिंगनला घोड्यांची तालीम, फ्रीटसकट. मंगळवारी मिरवणूक, घडीच्या खुर्चीसकट. बुधवारी डॅमचा राजवाडा आतून (मंदार, खूश?) आणि वेळ उरला तर डेल्फ्टचं चर्च. हेट लो आणि हाउस डोर्न यातलं एकच जमेल असं दिसतंय, चौथा दिवस काढावा लागेल. माझा जीव हेट लोमध्ये, आत्याचा कैसरमध्ये अडकणार. काका म्हणतात जिथे बाक जास्त असतील तिथे जाऊ.

खादाड_खाऊ
बाक हेट लोच्या बागेत जास्त. पण डोर्नचं कॅफे जवळ आहे. अॅपलटार्ट घ्या, वर साय.

पेठेतला_प्रवासी
काकांना माझा नमस्कार सांगा. या धाग्यावरचे एकमेव समंजस गृहस्थ.